तिसऱ्यांदा उघडलेला कार्बोरेटर

गाडी सुरू व्हायला कधीच कुरकुर करत नव्हती. चोक ओढला, किल्ली फिरवली की इंजिन लागायचं. वेगात असताना तर बोट ठेवायला जागा नाही. पण दहा-पंधरा मिनिटांत इंजिन तापलं आणि सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की दोन आचके आणि बंद. चोक जरासा ओढून धरला तर मात्र लगेच नीट चालायची.

कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो. चोक त्यातली हवा अडवून मिश्रण दाट करतो. तो ओढल्यावर गाडी सुधारत असेल, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा मिळतेय. त्यातल्या 'किंवा'च्या पुढचं मी वाचलंच नाही. तीन रविवार गेले.

पहिल्या रविवारी मी फार हुशारीने विचार केला होता. वेगात ठीक चालते म्हणजे मेन जेट, म्हणजे वेगात पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी बोंडी, साफ आहे. आयडलिंगची, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन नुसतं फिरत राहतं तेव्हाची, पेट्रोलची वाट वेगळी, तिचा जेटही वेगळा आणि भोक केसासारखं. माझ्या जेटवर ४५ कोरलंय, म्हणजे ०.४५ मिमी. जेट काढून उजेडाकडे धरला तर पलीकडचं काही दिसेना. दाबाची हवा मारली, काळा कण उडाला. (अशा वेळी तार घालायचा मोह होतो. घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट कामातून गेला.)

फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीतही तसलाच काळा गाळ होता. टाकीतला गंज असता तर तांबूस, खरखरीत असता आणि चुंबकाला चिकटला असता. हा बोटांत चोळला तर शाईसारखा पसरला. रबर! फिल्टर ते कार्बोरेटर एवढी वीतभर नळी आतून झडत होती. जुन्या नळ्यांना इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मानवत नाही. फिल्टर बिचारा काय करणार, कचरा त्याच्या पुढेच तयार होत होता. नळी बदलली, सगळं जोडलं, फिरवून आणली. सिग्नलला बंद.

इथे माणसाचं डोकं कसं चालतं बघा. मला वाटलं, अजून एखादा कण अडकलाय. पुढच्या रविवारी पुन्हा उघडला. जेट लख्ख. आयडलचा सोलेनॉइड (त्या वाटेची विजेवर उघडणारी झडप) बघितला. किल्ली ऑन केल्यावर टक् वाजतो, म्हणजे तोही जिवंत. काहीच सापडलं नाही म्हणून जोडताना कार्बोरेटरचे चारही नट जीव खाऊन आवळले. गाडीचा राग पान्यावर.

तिसऱ्या रविवारी उघडण्याआधी वही काढली. मिक्श्चर स्क्रू (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) पहिल्यांदा काढण्यापूर्वी मी तो पूर्ण आत फिरवून वेढे मोजले होते: सव्वादोन. आता इंजिन त्यातल्या त्यात बरं चालत होतं ते चार वेढ्यांवर. एवढं जादा पेट्रोल कशाला लागतंय? थंड इंजिन सुरू करून कान लावला तर कार्बोरेटरच्या बुडाशी बारीक सूं आवाज. इंजिन तापायच्या आतच बुडाच्या सांध्यावर कार्ब क्लीनरचा निसटता फवारा मारला आणि आरपीएम चढले. बाहेरचा फवारा आत ओढला जातोय, म्हणजे गाडी तिथून हवा घेत होती. (हा प्रयोग तापलेल्या इंजिनावर करू नका. क्लीनर पेट घेतो. मीही आग विझवायचा सिलिंडर पायाशी ठेवला होता.)

झालं असं होतं. मूळ दोष कचऱ्याचा, तो पहिल्याच दिवशी गेला. पण जोडताना मी बुडाचं जुनंच पॅकिंग परत बसवलं, कारण ते 'अजून चांगलं' दिसत होतं. एकदा दबून कडक झालेलं पॅकिंग दुसऱ्यांदा नीट बसत नाही. त्यातून हवा शिरू लागली आणि लक्षण हुबेहूब तेच. मग नट आवळून मी फ्लँजचे, म्हणजे कार्बोरेटरच्या बुडाच्या सपाट कडेचे, कान वाकवले. पोलादी फूटपट्टी आडवी धरली तर मधून उजेड दिसत होता. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज आठाच्या आकड्यात घासली, उजेड दिसेनासा होईपर्यंत. नवं पॅकिंग घातलं, नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. स्क्रू अडीच वेढ्यांवर आला आणि गाडी घड्याळासारखी टिकटिकू लागली.

उलटा आजार असता, म्हणजे काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लगवर काजळी, तर मी फ्लोट आणि त्याच्या सुईपासून सुरुवात केली असती. आणि काहीही असो, ठिणगीचे प्लग आणि पॉइंट आधी बघून घ्यावेत. ते मी बघितले होते, तेवढं श्रेय मला द्या.

आता एकच राहिलंय. पाय झटकन दाबला तर गाडी क्षणभर दम खाते. इंजिन बंद ठेवून, एअर क्लीनर काढून घशात बघितलं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर पेट्रोलची धार येते, पण मुळमुळीत. ती धार मारणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) असावा. या वेळी पॅकिंग आधी आणून ठेवलंय.