अकल्पित की अकल्पनीय?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बाकीचे मैदानावर, स्नेहसंमेलनावर आणि छड्यांवर लिहितीलच. मला शाळेतला एक शब्द आठवतो : अकल्पनीय.

आमच्या निबंधांत त्याचा नुसता सुळसुळाट होता. पाऊस अकल्पनीय, सहल अकल्पनीय, निकाल तर अकल्पनीयच! मराठीच्या बाई त्याखाली लाल रेघ ओढून समासात लिहायच्या, 'अकल्पित?' मग वर्गाला विचारायच्या, "कल्पना केली नव्हतीत, की करताच येत नाही?" ध्यानीमनी नसताना घडले ते अकल्पित. मनाला ज्याचे चित्रच उभे करता येत नाही ते अकल्पनीय. मागून कुणीतरी विचारले, "मग चौकोनी वर्तुळ?" बाई हसल्या. "ते नुसते अशक्य. एक शब्द दुसऱ्याला खोडतोय, बाकी काही नाही."

खरी मजा गणिताच्या सरांनी आणली. (दोघांचे आधी ठरले होते, असा माझा अजून संशय आहे.) फळ्यावर पंचकोन, षट्कोन, अष्टकोन काढून ते म्हणाले, "आता डोळे मिटा आणि हजार बाजूंची आकृती बघा." सगळ्यांना गोलच दिसला. "बरं, ९९९ बाजूंची?" तोही गोलच! मग त्यांनी सूत्र मांडले. हजार बाजूंच्या सुसम आकृतीचा प्रत्येक आतला कोन १७९.६४ अंश, ९९९ बाजूंच्या आकृतीचा त्याहून किंचित कमी. डोळ्यांना न कळणारा फरक खडूने दोन ओळींत दाखवला. हे उदाहरण फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांचे, १६४१ सालच्या ग्रंथातले, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले.

बाईंनी दुसऱ्या दिवशी तोच धागा उचलला. ती आकृती कल्पनातीत खरी, पण अतर्क्य नव्हे, कारण तर्क तिथवर पोहोचला. तर्काचेही हात टेकतात ते अतर्क्य. आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याला 'अचिन्त्य' म्हटले आहे, ते चिंतनाच्याही पलीकडचे. असे शब्द इतके जवळचे, की आपण हाताला लागेल तो उचलतो. माझ्या मते 'अतर्क्य'चे हाल सर्वांत वाईट; नुसत्या विचित्र वागण्यालाही तो चिकटवतात.

पुढे मी वृत्तपत्रात उपसंपादक झालो. 'सभेला अकल्पनीय गर्दी' अशी बातमी आली, की वार्ताहराला फोन करून आधी आकडा विचारतो. बहुतेक वेळा तो मिळतो, आणि विशेषण आपोआप गळते.