समुद्रसपाटीचा आकडा

उद्यमबागेतल्या त्या शेडच्या मालकांनी मला फोन केला तेव्हा निदान त्यांचं ठरलेलंच होतं: व्हीएमसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा, बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा स्क्रू) गेला. गिअरबॉक्स हाउसिंगच्या दोन बोअरमधलं (कोरलेल्या भोकांमधलं) अंतर ६०० एमएम, आणि सीएमएमवर, म्हणजे मोजमापाच्या यंत्रावर, दर जॉब १४-१५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त. माल परत येत होता. नव्या स्क्रूचं कोटेशनही मागवून झालेलं.

मला पटेना. झिजलेला स्क्रू इतक्या नेमानं चुकत नाही. जिथं जास्त वापर, बहुधा मधोमध, तिथंच तो बिघडतो, बॅकलॅशही (दिशा बदलताना जाणवणारा ढिलेपणा) वाढतो. इथं अंतर वाढेल तशी चूक वाढत होती, अगदी सरळ रेषेत.

"लेझर लावून तपासून घेतलंय की ओ साहेब, गेल्याच महिन्यात," ऑपरेटर म्हणाला.

रिपोर्ट मागितला. आलेख झकास, सही-शिक्का जागच्या जागी. खाली बारीक अक्षरात हवेचा दाब: १०१२ मिलिबार.

बेळगावात? आपण साडेसातशे मीटर उंचीवर. इथं दाब ९२५ च्या आसपास असतो. मोबाइलवर १०१० च्या आसपास दिसतो, पण तो समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला. दाबाचा सेन्सर जोडायचा कंटाळा करून लेझर लावणाऱ्या गृहस्थांनी बहुतेक तोच हातानं भरला.

इंटरफेरोमीटरची, म्हणजे लेझरनं अंतर मोजणाऱ्या या यंत्राची, पट्टी म्हणजे हेलियम-निऑन लेझरची तरंगलांबी, सुमारे ६३३ नॅनोमीटर. हवा विरळ झाली की ती किंचित लांबते. दाब ८७ मिलिबारनं चुकला की मीटरमागे जवळपास २३ मायक्रॉनचा घोळ. ६०० एमएमला १४. लेझरनं अंतर कमी दाखवलं, म्हणून मशीनच्या कंट्रोलरमध्ये कंपेन्सेशन, म्हणजे चूक भरून काढणारे आकडे, भरलं गेलं आणि चांगलं मशीन जास्त सरकू लागलं.

जुनं कंपेन्सेशन उतरवून ठेवलं, पंखे बंद केले, टेबलाला तापमानाचा सेन्सर चिकटवला. लाल ठिपका या टोकापासून त्या टोकापर्यंत हलू नये म्हणून आरसे जुळवण्यातच निम्मी दुपार गेली. मधेच पोरगा चहाची किटली घेऊन बीमखालून गेला आणि स्क्रीनवरचे आकडे नाचायला लागले. माप बिघडायला एवढीशी गरम हवाही पुरते.

मग खऱ्या दाबावर माप घेतलं. ८०० एमएमच्या प्रवासात चूक ४ मायक्रॉन. स्क्रू ठणठणीत!

त्याच संध्याकाळी एक हाउसिंग बोअर केलं, रात्रभर सीएमएमच्या २० अंशांच्या खोलीत ठेवलं. सकाळी फरक निघाला २ मायक्रॉन.

मालकांनी कोटेशन फाडलं आणि लगेच विचारलं, "शेजारच्या शेडमधली मशीनंबी त्याच माणसानं केल्यात. बघता काय?"

लेझर परत पेटीत भरलाच नाही, ट्रायपॉडसकट तसाच उचलून तिकडे नेला.