लायन गेट ते वडाळा: गोदीच्या रेल्वेचा लेआउट करायचा असेल तर

मुंबईच्या नौदल गोदीवरून मॉडेल रेल्वेचा लेआउट (फळीवरची छोट्या रेल्वेची मांडणी) करायचा तर एक गोष्ट आधी पक्की करा: आत जायचे नाही आणि आतले काही टिपायचेही नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात रेखाचित्र आणि नकाशा यांच्या पंगतीला ‘मॉडेल’ हा शब्दही आहे. म्हणून हुबेहूब नौदल गोदी करायचा विचार सोडून द्या. काळ १९३५ च्या आसपासचा धरावा, गोदी कल्पित असावी, आणि तिचे दगड, फाटके, रस्त्यात बुजलेले रूळ मात्र सार्वजनिक रस्त्यावरून आणि हार्बर लाइनवरून पाहिलेले असावेत. त्यासाठी एक सकाळ पुरते.

दिवस रविवारचा घ्या. फोर्टातले रस्ते रिकामे असतात, भिंतीची उंची आणि रस्त्याची रुंदी यांचे प्रमाण नीट दिसते. अडचण मेगाब्लॉकची. तो सहसा अकराच्या सुमारास सुरू होतो आणि हार्बरवर असेल तर पुढचा बेत कोलमडतो. सातला फोर्टात असा, दहाच्या आत लोकल पकडा. शनिवारीच ब्लॉकचे वेळापत्रक बघून ठेवा.

सुरुवात शहीद भगतसिंग मार्गावरच्या, नौदल गोदीच्या लायन गेटसमोरून. इथे कॅमेरा पिशवीतून काढू नका, मोबाइलही वर धरू नका, पहारेकऱ्यांशी चौकशा करत उभे राहू नका. चालत जा आणि भिंत बघा. लेआउटला फाटकापेक्षा भिंतच जास्त उपयोगाची. मागच्या बाजूला उंच दगडी भिंत असली की गाडी फाटकातून ‘आत’ जाते आणि तिथेच दृश्य संपते. आतली गोदी दाखवावीच लागत नाही.

फाटकाचे माप असे काढा. ब्रॉडगेजच्या डब्याची कमाल रुंदी ३२५० मिमी, म्हणजे १:८७ ला (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या मॉडेलला) साधारण ३७ मिमी. फाटकाची मोकळी रुंदी ५५ मिमी ठेवा. फाटक वळणावर आले तर ६०, कारण लांब डब्याचा मधला भाग वळणाच्या आत झुकतो आणि टोके बाहेर जातात.

तिथून एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांसमोरून बॅलार्ड इस्टेट. हा सगळा भाग अलेक्झांड्रा गोदी (आताची इंदिरा गोदी, १९१४) खणताना निघालेल्या भरावावर उभा आहे, आणि पोर्ट ट्रस्टची रेल्वे १ जानेवारी १९१५ ला सुरू झाली. विलायतेच्या बोटीतून उतरलेल्या प्रवाशांच्या गाड्या बॅलार्ड पिअर मोल स्थानकातून थेट उत्तरेकडे सुटत. त्यामुळे १९३५ च्या लेआउटवर मालवाघिणींच्या शेजारी एखादा डाकगाडीचा डबा उभा केलात तर तो खोटा वाटणार नाही. इथे दगडाचे थर मोजा. ३०० मिमीचा थर १:८७ ला ३.४ मिमी होतो. ५ मिमी फोमबोर्डचा वरचा कागद सोलून बॉलपेनने थर कोरता येतात. रंग निव्वळ काळा देऊ नका. मुंबईचा बसाल्ट राखाडी-तपकिरी दिसतो आणि पावसाळ्यानंतर भिंतीच्या पायथ्याशी शेवाळाची हिरवट रेघ उमटते.

काळ ठरवताना १४ एप्रिल १९४४ लक्षात ठेवा. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आसपासच्या शेड उद्ध्वस्त झाल्या. त्या भागातली नंतर बांधलेली शेड बघून १९३५ चे मॉडेल केले तर चूक होईल.

यानंतर सीएसएमटीहून हार्बरची लोकल, वडाळ्याच्या दिशेने, उजवीकडची खिडकी. सँडहर्स्ट रोड ते डॉकयार्ड रोड हा भाग उंचावरून जातो, त्यामुळे पूर्वेकडची छपरे वरून दिसतात. छपरांचे उतार आणि पत्र्यांचे गंज याच टप्प्यात बघून घ्यावेत. कॉटन ग्रीनला उतरून पादचारी पुलावरून गोदामांच्या रांगा निवांत बघा. वडाळ्याला बंदराची रेल्वे मुख्य जाळ्याला मिळते. तिथे फलाट आणि पूल सोडून रुळांवर उतरू नका. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

आता रस्त्यात बुजलेले रूळ, कारण गोदीचा खरा चेहरा तोच. ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ ला १९.३ मिमी हवेत आणि बाजारातला ट्रॅक १६.५ चा. उघड्या खडीवर ही तफावत डोळ्यांत भरते. स्लीपर बुजवले की नजरेला दोन रूळच उरतात आणि ती बरीच झाकली जाते. म्हणून भारतीय ब्रॉडगेजसाठी तयार ट्रॅक वापरणाऱ्याला गोदीसारखा विषय नाही. १:७६ ची मॉडेले मात्र टाळा, तिथे २२ मिमी लागतात.

खऱ्या लेव्हल क्रॉसिंगवर रुळाच्या आतली फट ५१ ते ५७ मिमी असते. मॉडेलला ती ०.६ मिमी येते आणि चाकाची कडा तीत अडकते. १.३ ते १.५ मिमी ठेवा. भराव रुळाच्या माथ्यापेक्षा ०.५ मिमी खाली हवा, नाहीतर रूळ पुसताना रंग निघतो आणि ती धूळ चाकांवर चढून वीज तुटते. प्लास्टर ऑफ पॅरिस तडकते, शिवाय त्याचे पाणी सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागेच्या) जिभांत गेले की सांधा अडकून बसतो. सनबोर्डच्या पट्ट्या कापून चिकटवा, वर पातळ फिलर फिरवा, आणि सांध्याच्या हलत्या जिभांभोवतीचा भाग मोकळाच सोडा. भरावाआधी प्रत्येक वाघीण ढकलत आणि ओढत, दोन्ही प्रकारे, सगळीकडून फिरवून घ्या. नंतर बुजलेला जोड उकरणे फार त्रासाचे.

मांडणीसाठी पाच-तीन-तीनचे शंटिंगचे (वाघिणी पुढे-मागे करून जागा बदलण्याचे) कोडे घ्यावे: एक मार्गिका पाच वाघिणींची, दोन तीन-तीनच्या, आणि शंटिंगच्या टोकाला इंजिनासह तीन. आठ वाघिणींतून पाच ठरलेल्या क्रमाने लावायच्या असतात आणि असे ६७२० क्रम होतात. लांबी आपल्याकडच्या सर्वात मोठ्या वाघिणीवरून काढा. आजची उघडी वाघीण बॉक्सएन १०.७१३ मीटर, म्हणजे १२३ मिमी. पाचांना ६१५, तीनांना ३७०, इंजिनाला १८०. १८५ मिमीचे दोन छोटे सांधे आणि सांध्यानंतर १०० मिमी मोकळी जागा धरून, पाचांची मार्गिका पहिल्याच सांध्यावरून काढली तर हे सगळे १६०० मिमीत बसते. १९३५ च्या छोट्या चारचाकी वाघिणी वापरल्या तर जागा आणखी सुटते. ८०० × ३५० मिमीच्या दोन फळ्या करा, म्हणजे मुंबईतल्या घरात त्या कपाटावर मावतात. फळी १२ मिमी मरीन प्लायची. एमडीएफ पावसाळ्यात फुगते आणि दोन फळ्यांच्या जोडावर रूळ वर-खाली होतात.

जुन्या बंदराचे कागद बघायचे असतील तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारासाठी कामाचा दिवस वेगळा काढा. ओळखपत्र न्या आणि कागद मागताना साल आणि गोदीचे त्या काळचे नाव लिहून द्या. ‘इंदिरा गोदी’ शोधलीत तर १९३५ चे काही हाती लागणार नाही, ‘अलेक्झांड्रा’ म्हणून मागा.