हिरवा दिवा

नवी मुंबईतल्या महापेच्या आमच्या ऑफिसात खरी बंदूक हातात घेतलेला एकही माणूस नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकार म्हणजे गुन्हा. त्यामुळे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी चुकून एकमेकांनाच गोळी घालू नये म्हणून यंत्र बनवायचं काम आलं, तेव्हा कँटीनमध्ये बराच हशा पिकला.

क्लायंट विस्कॉन्सिनचा. तिथे बंदुकीने हरणांची शिकार करताना भडक नारिंगी घालावंच लागतं, २०१६पासून भडक गुलाबीही चालतो. हरणाला नारिंगी आपल्यासारखा उठून दिसत नाही, माणसाला दिसतो, एवढीच त्यातली युक्ती. तरी अपघात होतात. २००६मध्ये तर अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनीच टेक्ससमध्ये लाव्यांच्या शिकारीत सोबत्याला छर्रे मारले होते.

आमच्या यंत्रात थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा, कॅमेरा होता आणि सोबत शिकाऱ्याच्या जॅकेटात शिवलेला, 'इथे माणूस आहे' असा इशारा देणारा रेडिओ टॅग. समोर माणूस असेल तर लाल दिवा, नसेल तर हिरवा. बंदुकीऐवजी रबाळ्याच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली ॲल्युमिनियमची पट्टी.

मे महिन्यात शिळफाट्याच्या बाजूच्या डोंगरउतारावर चाचणी घेतली. 'शिकारी' म्हणून सिक्युरिटीचे मामा. सकाळी सगळं झकास. गार झाडोऱ्यात मामा स्क्रीनवर पांढरेशुभ्र, ओणवे झाले तरी लाल दिवा. दुपारी मात्र कातळ चटका बसेल इतका तापला. मी पट्टी फिरवली तर एका बाभळीवर लाल दिवा, आणि पलीकडच्या करवंदीच्या जाळीवर हिरवागार. तेवढ्यात त्या जाळीतूनच आवाज आला, "मॅडम, करवंदं घेणार का?"

मामांनी उकाड्याने जॅकेट काढून बाभळीला टांगलं होतं. टॅग इमानेइतबारे जॅकेटाचं रक्षण करत होता. आणि कॅमेऱ्याला मामा दिसलेच नाहीत, कारण माणसाची त्वचा ३३-३४ अंशांची आणि सावलीतला पालाही जवळपास तेवढाच. थर्मल कॅमेरा तापमानातला फरक बघतो. फरकच नसेल तर समोर बसलेला माणूसही पाल्यात मिसळून जातो.

संध्याकाळच्या कॉलवर क्लायंट हसला. "आमच्याकडे नोव्हेंबरात बर्फ असतो." मी विचारलं, मग वसंतातल्या टर्की पक्ष्याच्या शिकारीचं काय? ती एप्रिल-मेमध्ये असते, नारिंगीची सक्ती नसते. शिकारी झाडीत मिसळून जाणाऱ्या पानाफुलांच्या छापाच्या कपड्यांत झाडाला टेकून निश्चल बसतो आणि वर टर्कीसारखा आवाज काढतो. दुसऱ्या शिकाऱ्याला फसवायला याहून जास्त काय हवं? पलीकडे शांतता पसरली.

माझं म्हणणं एवढंच होतं की हिरवा दिवा काढा. 'माणूस दिसला' हे यंत्राने सांगावं; 'माणूस नाही' हे सांगायचा त्याला अधिकार नाही. हिरवा दिसला की माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं सोडतो. त्यांच्या मार्केटिंगवाल्यांना हे पचेना. कधीच 'ठीक आहे' न म्हणणारं यंत्र कोण विकत घेणार? शेवटी हिरवा गेला. आता लाल, आणि तापमानात फरक उरला नाही की पिवळा.

टॅगचं घोडं मात्र अजून अडलंय. जॅकेट अंगावर आहे की फांदीवर, हे त्याला कळायला हवं. हालचालीचा सेन्सर कामाचा नाही, शिकारी तासन्‌तास हलतच नाही. सध्या कॉलरमध्ये त्वचेचा स्पर्श ओळखणारी पट्टी घालून बघतोय. घामाने ती फसते का, हे बघायला महापेइतकी चांगली जागा नाही.