१२०० फोटोंचं एक्सपोर्ट पावणेतीन तासांवरून सव्वा तासावर: माझा अनुभव

आधी मशीन आणि काम सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे आहेत ते कळेल. विंडोज ११ चा लॅपटॉप, ६ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. सॉफ्टवेअर ॲडोबीचं लाईटरूम क्लासिक (फोटो लावायला आणि एडिट करायला). कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, रॉ फाईल (सेन्सरचा कच्चा डेटा) साधारण २८ एमबीची. एका लग्नाचे निवडलेले १२०० फोटो फुल साईझ जेपेगमध्ये काढायला (यालाच एक्सपोर्ट म्हणतात) २ तास ४० मिनिटं लागली, म्हणजे फोटोमागे ८ सेकंद. लगीनसराईत अशा चार लग्नांचे फोटो एकदम साचले की हे गणित परवडत नाही.

एक गैरसमज सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. 'वन टू वन प्रीव्ह्यू बांधून ठेवले की एक्सपोर्ट पळतं' असं बरेच जण सांगतात. (प्रीव्ह्यू म्हणजे स्क्रीनवर पटकन दाखवायला आधीच तयार केलेली प्रत; वन टू वन म्हणजे पूर्ण आकाराची.) तसं होत नाही. एक्सपोर्ट करताना प्रीव्ह्यू वापरलाच जात नाही. प्रत्येक रॉ डिस्कवरून नव्याने वाचली जाते, सेन्सरच्या कच्च्या आकड्यांतून रंगीत चित्र तयार होतं, त्यावर तुम्ही केलेली प्रत्येक सेटिंग पहिल्यापासून चढते, मग रिसाईझ, आउटपुट शार्पनिंग, जेपेगचं कॉम्प्रेशन आणि शेवटी फाईल लिहिणं. 'एडिटिंगला ओरिजिनलऐवजी स्मार्ट प्रीव्ह्यू वापरा' हा परफॉर्मन्समधला टिकही एक्सपोर्टला लागू नाही (स्मार्ट प्रीव्ह्यू म्हणजे रॉची लहान, हलकी प्रत). ओरिजिनल फाईल हाताशी असेल तर लाईटरूम तीच घेतं.

त्यामुळे 'एक्सपोर्ट स्लो आहे' म्हणून भागत नाही. या साखळीतली कुठली कडी स्लो आहे ते शोधावं लागतं. त्यासाठी ५० फोटोंचं एक कलेक्शन केलं: २० हळदीचे (रात्रीचे, आयएसओ ६४००), १५ विधींचे, १५ रिसेप्शनचे. दर वेळी एकच सेटिंग बदलायची, एक्सपोर्टचा फोल्डर रिकामा करायचा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावायचं. यात एक फसवणूक असते. त्याच ५० रॉ दुसऱ्यांदा वाचताना विंडोज त्या रॅममधूनच देतं, म्हणून दुसरी फेरी आपोआप थोडी पळते आणि आपण केलेल्या बदलाला उगाच श्रेय जातं. मी प्रत्येक सेटिंगवर दोन फेऱ्या घेतल्या आणि पहिलीचा आकडा टाकून दिला. मूळ सेटिंगवर ५० फोटोंना ६ मिनिटं ४० सेकंद.

चाचणी चालू असताना टास्क मॅनेजर उघडा ठेवला. सीपीयू ६०-७० टक्के, डिस्क जेमतेम ५ टक्के, ग्राफिक्स कार्ड जवळजवळ झोपलेलं. डिस्कचा संशय इथेच मिटला. हिशोब करून पाहा: ८ सेकंदांत २८ एमबी वाचायचे आणि ९ एमबीची जेपेग लिहायची, म्हणजे सेकंदाला ५ एमबीसुद्धा नाही. जुनी फिरती हार्डडिस्कही हे सहज पेलते. 'नवी एसएसडी घ्या' हा सल्ला मानला असता तर पैसे गेले असते आणि वेळ तेवढाच लागला असता.

डिस्क आडवी येते ती वेगळ्या कामात. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ (कॉम्प्रेस न केलेली फाईल) १४४ एमबीची होते, म्हणजे हजार टिफचे १४४ जीबी. बाहेरची डिस्क चुकून यूएसबी २ च्या पोर्टला लावली असेल तर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास मिळतात आणि नुसतं लिहायलाच तासाच्या वर जातो. थेट पेनड्राईव्हवर एक्सपोर्ट मारणं हीसुद्धा तीच चूक. आधी लॅपटॉपच्या डिस्कवर काढायचं, मग कॉपी करायचं.

पहिला खरा चोर सापडला तो फाईल साईझच्या मर्यादेत. अपलोडला १० एमबीची अट होती म्हणून कधीतरी 'लिमिट फाईल साईझ टू' ला टिक लावला होता आणि तो प्रीसेटमध्ये (साठवून ठेवलेल्या सेटिंग्जमध्ये) तसाच राहिला. हा टिक असला की सॉफ्टवेअर फोटो एकदा कॉम्प्रेस करून थांबत नाही. आकार बसेपर्यंत वेगवेगळ्या क्वालिटीवर पुन्हा पुन्हा करून बघतं. जरीच्या साड्या, फुलांचा मंडप, अक्षता उडतानाची गर्दी, असे बारीक तपशिलाचे फोटो सगळ्यात जास्त खेपा घालतात. टिक काढला, क्वालिटी ८० ठेवली. ५० फोटो ५ मिनिटं १० सेकंदांत. फाईली बहुतेक ६ ते ९ एमबीच्या, दोनच १० च्या वर गेल्या. त्या वेगळ्या काढल्या. क्वालिटीची पट्टी ० ते १०० दिसते, पण आत मोजक्याच पायऱ्या आहेत. ७७ ते ८४ ही एक पायरी, ८५ ते ९२ दुसरी, ९३ ते १०० तिसरी. ९५ आणि १०० मध्ये फाईल तीच येते, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता सेटिंग्ज. त्यासाठी हळदीचा एकच फोटो घेतला: नवरीचा चेहरा जवळून, तीन एआय मास्क, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः ओळखून वेगळे केलेले भाग (चेहरा, पार्श्वभूमी, कपडे), गालांवर डाग पुसणारे हीलिंगचे चाळीसेक ठिपके, वर फोटोतले दाणे कमी करणारं ल्युमिनन्स नॉइज रिडक्शन ४५. एकट्याला १४ सेकंद. त्याच मंडपातला एक साधा ग्रुप फोटो ३ सेकंदांत निघतो. मग या फोटोचं एकेक पॅनेल तात्पुरतं बंद करून दर वेळी एक्सपोर्ट केलं. लेन्स प्रोफाईल काढून फरक नगण्य. नॉइज रिडक्शन काढल्यावर दीड सेकंद वाचला. ठिपके काढल्यावर जवळपास तीन. मास्क काढल्यावर सर्वांत मोठी उडी.

कारण उघड आहे. एका फोटोवर केलेले एआय मास्क बाकीच्या वीस फोटोंवर सिंक केले (एकदम लावले), तेव्हा सिंक होते ती फक्त सूचना: 'इथे चेहरा शोध'. तो चेहरा प्रत्येक फोटोत नव्याने शोधावा लागतो. ते काम आधी झालेलं नसेल तर वेळ भलत्या वेळी जातो आणि कधी मास्क चुकीच्या माणसावर बसल्याचं प्रिंट आल्यावर कळतं. म्हणून सिंक झाल्यावर सगळे फोटो निवडून डेव्हलपच्या (लाईटरूमच्या एडिटिंग विभागाच्या) सेटिंग्ज मेन्यूतून 'अपडेट एआय सेटिंग्ज' चालवायचं आणि ग्रिडमध्ये एक नजर फिरवायची. जिथे मास्कची खरी गरज नाही, उदाहरणार्थ मागून घेतलेले वरातीचे फोटो, तिथून काढूनच टाकायचे. एवढं केल्यावर ५० फोटो ४ मिनिटं २५ सेकंदांवर आले. २०२३ मध्ये आलेलं, दाणे काढणारं एआय डीनॉइज हे तर याहून जड काम; ते कधीही एक्सपोर्टच्या दिवशी करू नये, आदल्या रात्री लावून ठेवावं.

ठिपक्यांबद्दल एक सवय लावून घेतली. चाळीस ठिपक्यांच्या वर जायची वेळ आली तर तो फोटो फोटोशॉपमध्ये रिटच करतो. डाग आधी, बाकीचं नंतर, हा क्रमही पाळतो; उलटं केलं की डेव्हलपमध्येही प्रत्येक ठिपक्याला मशीन अडखळतं.

तिसरी गोष्ट ग्राफिक्स कार्ड. लाईटरूम क्लासिकमध्ये एक्सपोर्टसाठी ग्राफिक्स कार्ड वापरायची सोय २०२२ मध्ये आली. ती प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्स टॅबवर असते. माझ्याकडे 'ऑटो' होतं आणि ४ जीबीचं कार्ड बघून ऑटोने एक्सपोर्टचा टिक लावलाच नव्हता. 'कस्टम' निवडून एक्सपोर्टचा टिक हाताने लावला, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर आणखी एक जागा बघावी लागते: विंडोज सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ग्राफिक्स, तिथे लाईटरूमला 'हाय परफॉर्मन्स' द्यायचं. नाहीतर मोठं कार्ड बाजूला बसून राहतं आणि प्रोसेसरमधलं छोटं राबतं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेमवाल्याऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर टाका. या सगळ्यानंतर ५० फोटो २ मिनिटं ४० सेकंदांत. कमी मेमरीच्या कार्डावर हा टिक लावल्यावर काही फोटोंत काळे किंवा हिरवट चौकोन दिसले, तर टिक काढून टाकायचा. वेगापेक्षा फोटो महत्त्वाचा.

२ मिनिटं ४० सेकंद म्हणजे फोटोमागे ३.२ सेकंद, म्हणजे १२०० फोटो ६४ मिनिटांत. लावले. ९५ मिनिटं लागली.

५० फोटोंची चाचणी इथे तोकडी पडली. अडीच मिनिटांत लॅपटॉप तापत नाही, वीस मिनिटांत तापतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखाखाली चालू वेग दिसतो. सुरुवातीला तो ३.९ गिगाहर्ट्झ होता, पंचविसाव्या मिनिटाला १.८ वर आला आणि तिथेच राहिला. मे महिन्यात विदर्भात खोलीचंच तापमान ३८-४० असतं, पंखा गरम हवाच आत ओढतो. सीपीयू १०० टक्के दिसत राहतो म्हणून आपल्याला वाटतं जोरात चाललंय. टक्के बघू नका, गिगाहर्ट्झ बघा.

यावर केलं ते असं. लॅपटॉप सपाट टेबलावरून उचलून मागून दोन इंच उंच केला. पंख्याची जाळी उघडून धूळ काढली. गादीवर ठेवून काम करणाऱ्यांच्या मशीनमध्ये तर तिथे कापसाचा थरच सापडतो. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' केला आणि चार्जर मूळ वॅटचाच लावला. कमी वॅटचा चार्जर लावला तर बरेच लॅपटॉप स्वतःहून वेग उतरवतात आणि कारण सांगतीलच असं नाही. शेवटचा उपाय उलटा वाटेल: पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के केलं. त्याने टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद होतो. छोट्या चाचणीत हे थोडं हळू निघतं, पण वेग खाली कोसळत नाही आणि लांब पल्ल्याला तेच पुढे जातं. हा उपाय फक्त तापणाऱ्या लॅपटॉपसाठी आहे, डेस्कटॉपवर करायचं कारण नाही. आता १२०० फोटो ७३ मिनिटांत.

'बॅचचे तीन तुकडे करून तिन्ही एकदम लावा' ही जुनी युक्तीही करून पाहिली. एक एक्सपोर्ट सगळे कोअर वापरत नव्हतं तेव्हा तिचा उपयोग होता. ग्राफिक्स कार्डाचा टिक लावल्यावर तिन्ही तुकडे ४ जीबीसाठी भांडतात. माझ्याकडे एकूण वेळ वाढला. १६ जीबी रॅममध्ये क्रोम उघडं असेल तर आणखी वाढतो.

दोन साईझ हव्या असतील तर मात्र वेळ वाचवायला जागा आहे. अल्बमसाठी फुल साईझ आणि व्हॉट्सॲपसाठी २०४८ पिक्सेल, असे दोन प्रीसेट एकत्र टिक केले तर प्रत्येक रॉ दोनदा शिजते. त्यापेक्षा फुल साईझ एकदाच काढायची आणि त्या जेपेग इरफानव्ह्यूमध्ये बी दाबून बॅचने लहान करायच्या. १२०० फोटो काही मिनिटांत होतात, कारण मास्क, नॉइज वगैरे सगळं आधीच चढलेलं असतं. गिऱ्हाइकाला नुसते निवडायला फोटो हवे असतील तर आणखी सोपं आहे. आधी स्मार्ट प्रीव्ह्यू बांधलेले असू द्या, मग रॉ असलेली बाहेरची डिस्क काढून एक्सपोर्ट करा. लाईटरूम नाइलाजाने स्मार्ट प्रीव्ह्यूवरून काढतं, लांब बाजू २५६० पिक्सेल मिळते आणि काम भराभर उरकतं. प्रिंटला हे अजिबात द्यायचं नाही. उघडल्यावर १२ बाय ३६ इंच होणाऱ्या अल्बमचं एक पान (१२ बाय १८ इंच) ३०० डीपीआयला ३६०० बाय ५४०० पिक्सेल मागतं.

बाकी किरकोळ पाच-दहा सेकंदांच्या गोष्टी आहेत. एक्सपोर्टचा फोल्डर क्लाउडला सिंक होणारा नको, नाहीतर एकीकडे लिहिणं आणि एकीकडे अपलोड. 'ॲड टू धिस कॅटलॉग' चा टिक नको. फेस डिटेक्शन आणि ॲड्रेस लुकअप वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या नावावर क्लिक करून थांबवता येतात. एक्सपोर्ट लावताना डेव्हलपमधून बाहेर पडून लायब्ररीत या. मशीन झोपू नये म्हणून स्लीप 'नेव्हर' करा.

मधेच लाईट गेली किंवा सॉफ्टवेअर बंद पडलं तर पहिल्यापासून लावायची गरज नाही. फोल्डर तारखेने लावून शेवटच्या दोन-तीन फाईली डिलीट करा, त्यातली एखादी अर्धवट असते. मग त्याच फोल्डरवर, त्याच नावांनी पुन्हा एक्सपोर्ट लावा आणि 'एक्झिस्टिंग फाईल्स' मध्ये 'स्किप' निवडा, उरलेलेच निघतात. मात्र मधल्या काळात एखाद्या फोटोचा कलर बदलला असेल तर त्याची जुनी जेपेग तशीच राहते, ती हाताने उडवा. शेवटी फोल्डरमधली संख्या निवडलेल्या संख्येशी जुळवायची, फाईली आकाराने लावून सगळ्यात लहान दहा उघडून बघायच्या. अर्धी राखाडी फाईल असली तर ती बहुधा तिथेच सापडते.