दुसरा गठ्ठा आधी उघडा

सरकारी दप्तर सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठा पद्धत लागू झाली की महिनाभर कार्यालय चकाचक दिसतं. नंतर अर्जदारांच्या फेऱ्या पूर्वीसारख्याच. १९८०च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी दप्तराला शिस्त लावली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. पण कपाटं रंगवणं सोपं, म्हणून नक्कल तेवढ्याचीच होते.

गठ्ठे असे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन (बाहेरून उत्तर किंवा कागद यायची वाट पाहणारी प्रकरणं), नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायच्या संचिका आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे, म्हणजे थोडाच काळ जपायचे कागद. तपासणीत साहेब पहिला गठ्ठा बघतात. गोम दुसऱ्यात असते.

२००५च्या दफ्तर दिरंगाई कायद्यानुसार फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांहून जास्त थांबू नये. मग वारस नोंदीच्या अर्जावर सहाव्या दिवशी पत्र निघतं: ‘मृत्यूचा दाखला जोडलेला नाही.’ फाइल प्रतीक्षाधीन. दाखला आला की दुसरं पत्र: ‘वारसांचं प्रतिज्ञापत्र नाही.’ पेंडन्सी, म्हणजे प्रलंबित फाइलींचा आकडा, शून्य, वारस नोंद मात्र जिथल्या तिथे. लिपिकाला दोष देऊन भागत नाही. आकडा जिथे मोजाल तिथूनच फाइल सरकणार.

उपाय साधा आहे. प्रत्येक सेवेची कागदपत्रांची तपाससूची आवक टेबलावरच भरून घ्या आणि त्रुटी एकाच पत्रात, एकदाच कळवा. दुसरं त्रुटीपत्र काढायचं असेल तर कार्यालयप्रमुखाची सही लागेल, एवढं सांगितलं तरी निम्मी पत्रं निघायची थांबतात. प्रतीक्षाधीन फाइलवर तीन गोष्टी हव्यात: कुणाकडे, कधी पाठवली, स्मरणपत्राची तारीख. आणि वय मोजायचं ते अर्ज आल्या दिवसापासून, टेबलावर आल्यापासून नव्हे. ई-ऑफिस आलं तरी हे चुकत नाही. लिपिक, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार ही उतरंड तशीच ठेवली तर कागदाऐवजी स्क्रीनवर साचतं, इतकंच.

सहावा गठ्ठाही हलत नाही, त्याचं कारण भीती. उद्या माहिती अधिकारात तोच कागद मागितला तर? म्हणून न्यायालयीन प्रकरणं, लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि माहिती अधिकाराचे प्रलंबित अर्ज यांचे कागद आधी बाजूला काढा, उरलेल्यांची यादी करा, त्यावर प्रमुखांनी सही करावी. जबाबदारी वर गेली की लिपिकाचा हात मोकळा होतो.

हे सगळं एप्रिल-मेच्या बदल्यांआधी बसवा. कार्यभार देताना दुसऱ्या गठ्ठ्याची यादी फाइलनिहाय, तारखांसह जोडायला लावा; नुसतं ‘दप्तर सुपूर्द केले’ चालवून घेऊ नका.