तीन टिंबं

मुखडा यायची वाट न बघता ओळखू येतात अशी गाणी मोजकीच. ब्रिटनी स्पीअर्सच्या पहिल्या गाण्याला तर शब्दही लागत नाहीत. पियानोचे तीन ठसठशीत ठोके पडतात आणि कामात बुडालेला माणूसही मान वर करतो. नावाची सुरुवातही तिनानंच, तीन टिंबांनी: '...बेबी वन मोअर टाइम'.

ती टिंबं मला बरीच वर्षं नखरा वाटायची. मग कळलं, तिथले दोन शब्द पुसलेत. 'हिट मी'.

माझं इंग्रजी बेताचं. ही पोरगी गाण्यात मार का मागतेय, हे कोडं मी मनातच ठेवलं होतं, विचारायची लाज. पण खरा घोटाळा माझा नव्हताच. गाणं लिहिलं मॅक्स मार्टिननं. माणूस स्वीडनचा, आणि 'हिट मी' म्हणजे 'मला फोन कर' अशी त्याची समजूत. थोडक्यात, बिचारी फोनची वाट बघतेय, एवढाच मामला. अमेरिकेतल्या टीएलसी या गायिकांच्या त्रिकुटाला गाणं आधी देऊ केलं होतं. असलं काही आपण म्हणणार नाही, म्हणून त्यांनी नाकारलं. पुढे रेकॉर्ड कंपनीलाही त्या शब्दांची धास्ती वाटली. पण तोडगा काय काढला, तर नावातून शब्द काढले आणि गाण्यात तसेच ठेवले! दारावरची पाटी पुसली, घरात माणूस तोच.

रेकॉर्डिंगला ब्रिटनी स्टॉकहोमला गेली तेव्हा सोळा वर्षांची होती. आवाजाला खरखर यावी म्हणून ती आदल्या रात्री मुद्दाम जागली. गळा जपायचा, लवकर झोपायचं, गार काही प्यायचं नाही, हे गायकांचे नेम आपण ऐकत आलो. या पोरीनं नेमकं उलट केलं. गाण्याच्या सुरुवातीचं ते झोपाळू, करकरीत 'ओ बेबी बेबी' ऐकताना मला अजूनही त्या जागरणाचं कौतुक वाटतं. व्हिडिओसाठी कार्टूनसारखी काहीतरी कल्पना निघाली होती, तीही तिला पटली नाही. तिला शाळा हवी होती, कंटाळलेली पोरं आणि तास सुटायची वाट.

मार्टिनला हाताशी धरून तयार करणारा संगीत निर्माता डेनिझ पॉप ३० ऑगस्ट १९९८ रोजी कर्करोगानं गेला. वय पस्तीस. गाणं आलं त्याच वर्षाच्या शरदात. जानेवारी १९९९ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर होतं.

इतक्या वर्षांत कुणी ते गाणं नुसतं 'बेबी' पासून सुरू केलेलं मी ऐकलेलं नाही. ओळ आली की सगळे आधी ती टिंबंच म्हणतात, तीही ओरडून. अर्थ ठाऊक असूनही मीसुद्धा.